चिमूटभर पोटॅशियम

बाटलीवरची चिठ्ठी तिरकी दिसली आणि काकांच्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला. अक्षर त्यांचंच होतं, पण तिरकी चिठ्ठी त्यांनी जन्मात लावली नव्हती.

प्रयोगशाळेतल्या मज्जापेशींना जगवणारं खारं पाणी ते एकतीस वर्षं बनवत होते. पेशीच्या पडद्यात प्रथिनांचे पंप अखंड राबतात; तीन सोडियम बाहेर काढतात, दोन पोटॅशियम आत घेतात. म्हणून पाण्यात सोडियम भरपूर, पोटॅशियम चिमूटभर. ते जास्त झालं की पेशी आधी बावचळते, मग गप्प होते. गेल्या महिन्यात दोनदा पेशी गप्प झाल्या, तेव्हा साहेब म्हणाले होते, "काका, पुन्हा असं झालं तर तुमचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

"ती नवी संशोधक पोरगी माझ्या मुळावर उठलीय," काकांनी घरी जाहीर केलं.

"अहो, तिचं काय घोडं मारलंय तुम्ही?" बायको म्हणाली. "जेवा आधी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत काका डबा घेऊन सगळ्यांदेखत बाहेर पडले आणि मागच्या दाराने येऊन कपाटाआड उभे राहिले. पोरगी आली. तिने सकाळची बाटली सरळ बेसिनमध्ये ओतली.

"सापडलीस!" काका ओरडले. "माझं पाणी नासवतेस?"

ती दचकली. मग तिने वही आणि वजनकाट्यातून निघालेली छापील पट्टी पुढे केली. वहीत काकांच्या अक्षरात पोटॅशियम शून्य दशांश एकोणीस ग्रॅम होतं. पट्टीवर एक दशांश नऊ.

"तीन आठवडे असंच होतंय. मी दुसऱ्या बाटलीत नवीन बनवून त्यावर तुमचीच चिठ्ठी परत लावते."

काकांनी पट्टी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. दशांशाचं टिंब कुठेच दिसेना. शरमेने त्यांचे कान तापले.

"साहेबांना का नाही सांगितलंस?"

"पुस्तकात डोकं फोडूनही मला तो पंप कळला नव्हता, काका. तुम्ही समजावलात."

काकांनी पट्टीची घडी घालून खिशात ठेवली.

"साहेबांना मीच सांगतो," ते म्हणाले. "आधी हे उरकू. पेशी खोळंबल्यात."

त्यांनी चमचा तिच्या हातात दिला. ती वजन करू लागली आणि काका काट्याच्या पलीकडे, रिकामी बाटली दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.