प्रार्थनेच्या वेळी दाराशी कोण?

मित्रांनो, मी एक जुने अर्धे दार आहे. अर्धे म्हणजे मोडके नव्हे. मोठ्यांना माझ्यावरून आत बघता यावे आणि लहानांचा हात बाहेरच्या कडीला पोचू नये, एवढ्याच उंचीचे मला घडवले आहे.

मी एका प्रार्थनाघराच्या पाळणाघरात उभे आहे. प्रार्थनेला येणाऱ्या आयांची मुले सभागृहात धुडगूस घालायची. तेव्हा थोरल्या बाईंनी मागची अडगळीची खोली रिकामी करून पाळणाघर सुरू केले. पुढे कामाला जाणाऱ्या आयाही दिवसभर मुले इथे ठेवू लागल्या. सुताराने एका जुन्या बाकाच्या फळ्या रंधून मला बनवले. त्या बाकावर बसून लोकांनी वर्षानुवर्षे देवाकडे गाऱ्हाणी मांडलेली, त्यामुळे निमूट ऐकून घ्यायची सवय मला आधीपासूनच होती.

आता मात्र थकवा आला आहे. दिवसातून शंभरदा उघडा, शंभरदा लावा. मुले लोंबकळतात. दात येणारी तर माझी कड चावून काढतात. शिवाय पाळणाघर कसे उभारायचे आणि चालवायचे हे शिकायला दरवर्षी विद्यार्थ्यांची तुकडी येते. किती मुलांमागे किती बाया, हात धुवायची जागा केवढ्या उंचीवर, सगळे वहीत उतरते. टेप लावून मलाही मोजतात. "हे दार नीट बघून घ्या," त्यांच्या मॅडम सांगतात. बघतात सगळे, तेलाचा थेंब कोणी घालत नाही. कडी झिजून सैल झाली होती. मी करकरले की म्हणायचे, "त्याचं रोजचंच आहे."

इथला एक जुना नियम आहे. सकाळच्या प्रार्थनेला पाळणाघरातल्या सगळ्या बाया डोळे मिटतात, फक्त माझ्यापाशी उभी असलेली मिटत नाही. यंदाच्या तुकडीतल्या चष्मेवाल्या मुलीला थोरल्या बाई म्हणाल्या, "आज दाराशी तू थांब." तिने मान डोलावली. का थांबायचे, ते बाईंनी सांगितले नाही. इतक्या वर्षांत ते सांगावे लागते हेच त्या विसरल्या होत्या.

प्रार्थना सुरू झाली आणि मुलीने अगदी मनापासून डोळे मिटले. भिंगरी नावाने ओळखली जाणारी अडीच वर्षांची पोर माझ्यावर रेलली. कडी निसटली. मी जिवाच्या आकांताने करकरले, पण एकीचीही पापणी हलली नाही. भिंगरी व्हरांडा ओलांडून पायऱ्या उतरली. पुढे रस्ता होता.

नशीब, स्वयंपाकाच्या मावशी तेवढ्यात भाजी घेऊन येत होत्या. पिशवी टाकून त्यांनी पोर उचलली. "अहो, पोर रस्त्यावर चालली होती! डोळे कुठे होते सगळ्यांचे?"

मुलगी म्हणाली, "प्रार्थनेत डोळे उघडे ठेवणं मला पाप वाटलं, बाई."

थोरल्या बाई म्हणाल्या, "देवाकडे बघायला आम्ही सगळ्या होतो गं. पोरांकडे बघायला तू एकटी होतीस. आणि हे मी तुला सांगितलंच नाही."

दुपारी सुतार आला. नवी कडी बसली, बिजागऱ्यांना तेल मिळाले. इतक्या वर्षांनी, आणि तेही कशामुळे! मला त्याचा आनंद झाला नाही.

संध्याकाळी भिंगरीच्या आईला काही न सांगताही निभावले असते. पण त्या मुलीने स्वतः सगळे सांगितले. आई पोरीला उराशी धरून निघून गेली. आता ही पोर काही परत येत नाही, असेच मला वाटले.

दुसऱ्या दिवशी आई आली. भिंगरीला आत सोडले, पण स्वतः हलली नाही.

"प्रार्थनेच्या वेळी दाराशी कोण?"

"मीच," मुलगी म्हणाली.

"मग मीही थांबते."

माझ्या अलीकडे मुलगी, पलीकडे आई. दोघी टक्क उघड्या डोळ्यांनी उभ्या राहिल्या. आठवडाभर हेच चालले.

मित्रांनो, जुन्या दारांची वेळेवर निगा राखा, एवढे म्हाताऱ्याचे ऐका. आणि नव्या माणसाला काम नेमून द्याल, तेव्हा ते कशासाठी आहे तेही दोन शब्दांत सांगा. आमच्या इथे ते दोन शब्द राहून गेले, आणि एका आईची झोप उडाली.

आज सकाळी ती आई नेहमीसारखी आली. भिंगरीला आत सोडून तिने त्या मुलीकडे जरा वेळ पाहिले. मग प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच ती कामावर निघून गेली.