आधी बॅनर कोणी लावायचा?

सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि लालबागच्या तावडे चाळीतल्या प्रत्येकाला एकाएकी युद्धशास्त्र कळायला लागलं. ज्याला नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्याशी झालेलं भांडण वर्षभर मिटवता आलं नव्हतं, तो आता कुठल्या डोंगरावर किती तोफा न्याव्यात हे ठणकावून सांगू लागला. संध्याकाळ झाली की सगळ्या खोल्यांतले टीव्ही एकदम ओरडायचे. गॅलरीत नुसतं उभं राहिलं तरी एकही बातमी चुकायची नाही.

अजित या सगळ्यांत पुढे. दिवसा विमा कंपनीत नोकरी आणि संध्याकाळी चाळीच्या उत्सव मंडळाचं सेक्रेटरीपद. मनाने चांगला, कोणाचं अडलं तर धावून जाणारा. पण ‘आता आरपार होऊनच जाऊ दे’ हे वाक्य त्याने मोबाइलवर इतक्यांदा लिहिलं होतं, की त्याची बोटं आपोआप त्याच अक्षरांवर जायची.

फक्त कौसल्याकाकींचा टीव्ही बंद असायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रितेश सावंत सैन्यात, आणि नेमका तिकडेच. अजितचा तो लहानपणापासूनचा दोस्त. लढाई भडकल्यापासून त्याचा फोन लागत नव्हता. अजित ऑफिसातून आला की काकी दारातून विचारायच्या, “काय म्हणतत रे बातमेत? थांबतला मां आता?”

“थांबायचं कशाला, काकी? आता सोडायचं नाही त्यांना,” अजित जोरात सांगायचा. काकी आत निघून जायच्या आणि अजितला वाटायचं, आपण त्यांना धीर दिला.

शनिवारी दुपारी मंडळाचा खजिनदार विनीत धापा टाकत अजितच्या दारात आला. त्याने मोबाइल पुढे केला. मेसेज होता, ‘चकमकीत जवान पी. सावंत शहीद. कोकणच्या वाघाला सलाम.’

“आपला प्रितेश रे,” विनीत म्हणाला आणि खाली बसला.

अजितला हुंदका आवरेना. ज्याच्याबरोबर गॅलरीत क्रिकेट खेळून लोकांच्या काचा फोडल्या, तो प्रितेश गेला होता. ते रडणं अगदी खरं होतं, त्यात खोट काढायचं कारण नाही. पण डोळे पुसतापुसता विनीत म्हणाला, “पलीकडच्या गल्लीतल्या मंडळालाही मेसेज गेलाय. त्यांनी आपल्या आधी बॅनर लावला तर आपलं नाक कापलं जाईल.”

आणि काय सांगावं, अजित उठला! मोबाइलमधून त्याने एक फोटो काढला. प्रितेशच्या लग्नातला, अजितच्या खांद्यावर हात टाकून हसतानाचा. अजितने स्वतःला त्यातून कापलं आणि फोटो बॅनरवाल्याला पाठवला. तास-दीड तासात बॅनर चाळीच्या गेटवर चढलासुद्धा. मधोमध प्रितेश, वर ‘वीर जवानाला भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली हात जोडलेल्या पदाधिकाऱ्यांची रांग. त्या रांगेत अजितही होता.

बॅनर लावून तो घरी आला तेव्हा त्याची बायको वैशाली नुकतीच बाहेरून येत होती. गेटवरचा बॅनर तिने येतानाच वाचला होता. डोळे पुसत तिने विचारलं, “काकींना कोणी सांगितलं?”

“सैन्यातून कळवलं असेलच.”

“असेलच म्हणजे? आत्ताच त्या मला बाजारात भेटल्या. बांगडे घेत होत्या. मुलगा गेल्याचं कळल्यावर कोण बांगडे आणायला जातं? अहो, तुम्ही खात्री केलीत का?”

 अजितने प्रितेशच्या बायकोला फोन लावला. किर्ती परळच्या एका हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायची.

“बोला भावोजी,” ती लगबगीने म्हणाली. “यांचा फोन आला का तिथे?”

अजितने काहीतरी थातूरमातूर सांगून फोन ठेवला. तिला माहीत नव्हतं. काकींना माहीत नव्हतं. मग माहीत होतं कोणाला? एका मेसेजला आणि तावडे चाळीच्या गेटाला. तो चपला न घालताच जिना उतरू लागला. काकी यायच्या आत बॅनर उतरला पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

गेटापाशी कौसल्याकाकी उभ्या होत्या. पिशवी पायाशी पडली होती आणि त्या वर बघत होत्या. आसपास माणसं होती, पण जवळ जायची कोणाची छाती होत नव्हती.

“अजित,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “माझो झील गेलो, ता माका हयसर वाचूक लागला? दारार कोण इलो नाय रे.”

“काकी, नक्की नाही काही. मेसेज आला होता फक्त.”

“नक्की नाय?” काकींनी बॅनरकडे बोट केलं. “मग ह्या काय?”

 अजित गेटावर चढला आणि सुतळ्या ओढून त्याने बॅनर खाली पाडला.

मग सुरू झालं वाट बघणं. किर्ती धावतपळत आली, तिने सैन्याच्या चौकशीच्या नंबरवर फोन लावला. चौकशी करून कळवतो, असं उत्तर मिळालं. काकी खाटेवर भिंतीला टेकून बसल्या. वैशालीने पाणी दिलं, ते तसंच राहिलं. गॅलरीत चाळ जमली होती आणि पहिल्यांदाच सगळे टीव्ही बंद होते. अजित दाराशी उभा होता. ‘आरपार होऊन जाऊ दे’ असं आपण लिहिलं तेव्हा ते नेमकं कोणाच्या आरपार जाणार होतं, हा विचार त्याला आज पहिल्यांदा शिवला.

दिवेलागणीला किर्तीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिच्या हातून तो उचलला जाईना, म्हणून वैशालीने उचलला आणि स्पीकर लावला.

“किर्ती? मी बोलतोय.”

प्रितेश! किर्ती तोंडात पदर कोंबून रडू लागली. काकींनी फोन दोन्ही हातांत धरला. बातमी गॅलरीभर झाली, खाली चौकात गेली आणि विनीतने आनंदाच्या भरात उत्सवातली उरलेली फटाक्यांची माळ पेटवली. कडाडकड आवाजाने खोली दणाणली.

“आई, खाली बस,” फोनमधला आवाज एकदम बदलला. “दारापासून लांब हो. किर्ती कुठेय? भिंतीला चिकटून बसा दोघी, दिवा बंद करा.”

“फटाके आसत रे ते,” काकी म्हणाल्या. “पोरा वाजयतत.”

पलीकडे प्रितेशचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग त्याने विचारलं, “कशाचे फटाके?”

“तू बरो आसस म्हणान. पी. सावंत गेलो म्हणान मेसेज इल्लो.”

 “थांबव ना ते, आई,” तो म्हणाला. “तो पी. सावंत म्हणजे प्रवीण. आमच्याच तुकडीतला, चिपळूणकडचा. माझ्या बाजूलाच होता.” आणि लग्नाच्या फोटोत खदखदून हसणारा प्रितेश फोनवर लहान मुलासारखा रडू लागला.

अजित खाली धावला आणि त्याने पेटती माळ पाय मारून विझवली. विनीत बघतच राहिला.

फोन ठेवून काकी गॅलरीत आल्या. चौकात कोणीतरी पेढ्यांचा पुडा आणला होता. कठड्याला धरून त्या म्हणाल्या, “माझो वाचलो म्हणान पेढे वाटतास? त्या प्रवीणाच्या आवशीच्या दारात आज काय चाललेला असात? तुमका लढाई टीवीर दिसता, म्हणान ती तुमका गोड लागता. माझ्या झिलाक आता फटाक्याचा पण भय वाटता, ता खंयच्या टीवीर दिसतला?”

 पेढ्यांचा पुडा बंदच राहिला.

थोड्या वेळाने विनीत अजितजवळ आला. “नाव कळलंय आता. फोटो बदलून बॅनर परत लावायचा का? प्रवीणचा?”

“आधी त्याच्या घरी जाऊन येऊ,” अजित म्हणाला. “त्याच्या आईला विचारू. ती हो म्हणाली तर लावू, आणि खाली आपले फोटो नकोत.”

देशावर प्रेम कोणाचं नसतं? पण लढणारा जवान हा आधी कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी नवरा असतो. लढाईत तो वाचला तरी जसा गेला तसा परत येत नाही आणि त्याच्या घरचेही आधीसारखे राहत नाहीत. त्याचं कौतुक करायचं तर आधी त्याच्या दारात जावं, खरं काय ते विचारावं, आणि मोबाइलवर युद्ध मागण्यापूर्वी ते कोणाच्या घरातून मागतोय याचा विचार करावा. अजितला हे कळायला एका आईला भर रस्त्यात उभं राहून मुलाची श्रद्धांजली वाचावी लागली. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

सोमवारी अजित ऑफिसातून आला. काकी दारातच होत्या.

“काय म्हणतत रे बातमेत? थांबतला मां?”

अजित जिन्यातच थांबला.

“माहीत नाही, काकी,” तो म्हणाला. “पण थांबायला हवं.”

काकी दारातून बाजूला सरकल्या. “ये,” त्या म्हणाल्या, “चाय घेऊन जा.”