फडकं झटकेपर्यंत

“खिडकी,” काका पुन्हा म्हणाले. “दार फिरवा असं मी आता म्हणतच नाही. नुसती खिडकी. डोकं मावेल एवढी.”

पालिकेच्या सभागृहातला पंखा कुरकुरत होता. अध्यक्षांनी टेबलावरचा नकाशा काकांच्या बाजूला सरकवला. नवा धक्का, वाहनतळ, आणि दोन्हींच्या मधे एका रांगेत सहा गाळे. सगळ्यांची तोंडं वाहनतळाकडे, सगळ्यांची पाठ समुद्राकडे. त्यातला डावीकडून दुसरा गाळा काकांच्या सलूनचा.

“काका, मागच्या भिंतीवर चित्र काढायचंय,” अध्यक्ष म्हणाले. “लाँचमधून उतरणाऱ्या माणसाला पाय ठेवल्या ठेवल्या प्रसन्न वाटलं पाहिजे. तसा ठरावच झालाय.”

“चित्र कशाचं?”

अध्यक्षांनी अभियंत्याकडे बघितलं. अभियंत्याने नकाशाकडे बघितलं. मग तो हळूच म्हणाला, “समुद्राचं.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. तो भोंगा होता. जुन्या लाँचचा हा चालक. लाँचचा भोंगा कधीकाळी बिघडला आणि पालिकेने तो दुरुस्त केला नाही, तेव्हापासून निघताना हाच तोंडाने आरोळी द्यायचा, म्हणून त्याचं नाव तसं पडलं. नव्या लाँचला विजेचा सायरन आहे आणि भोंगा आता घरी असतो.

“मला लाँच दिसायला पाहिजे रे,” काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. अध्यक्षांना अरे-तुरे करायचं नाही असं ते घरून ठरवून आले होते. पण ज्याचे पहिले केस आपण कापले, रडू नये म्हणून ज्याच्या हातात पावडरचा रिकामा डबा दिला, त्याला ‘आपण’ म्हणताना जीभ वळत नाही.

अध्यक्ष हसले. मनाने वाईट माणूस नव्हता तो. “कशाला दिसायला पाहिजे, काका? लाँच आता वेळेवर सुटणार. सायरन झाला की सुटली. कुणी कुणासाठी खोळंबायचं कारणच उरलं नाही.”

त्यांनी हे अगदी आनंदाने सांगितलं. काकांनी नकाशा परत सरकवला. ते उठले, टोपी घातली आणि बाहेर आले.

बाहेरच्या रस्त्यावर पालिकेने नवा गतिरोधक घातला होता. भोंगा त्यावर उभा राहिला. “बघ. बेटावर सगळ्यात जोरात कोण जातं? दूधवाल्याची सायकल. तिला अडवायला हा डोंगर उभा केला. आणि तू यांच्याकडे खिडकी मागतोस!”

“मागून बघितली,” काका म्हणाले.

*

काकांचं जुनं सलून जुन्या धक्क्याच्या तोंडाशी होतं. एक खुर्ची, एक बाक, एक आरसा. आरसा काकांच्या वडिलांनी लावलेला. त्यांनी तो भिंतीला सरळ न लावता वरून किंचित पुढे झुकवला होता, आणि थोडा उजवीकडे वळवला होता. त्यामुळे खुर्चीत बसलेल्या माणसाला आपला चेहरा दिसायचा आणि खांद्यावरून मागे दारातून थेट धक्का, आणि धक्क्याला लागलेली लाँच. बेटावरच्या कित्येक मुलांना लाँचचं नाव आधी उलटं वाचता यायला लागलं, मग सुलटं.

पलीकडे जायचं म्हणजे माणूस आधी काकांच्या खुर्चीत बसायचा. नोकरीच्या मुलाखतीला जाणारा, मुलगी बघायला जाणारा, कोर्टात जाणारा, कुणाच्या तरी मातीला जाणारा. बेटावरचं तोंड घेऊन पलीकडे जायचं नाही, असं जुनी माणसं म्हणायची. दाढी अर्धी झालेली असताना लाँच सुटायची वेळ झाली तरी कुणी घाबरत नसे. कारण भोंगा सुकाणूपाशी उभा राहून सलूनच्या दाराकडे बघत असायचा. दाढी संपली की काका पाण्याचा हात फिरवायचे, तुरटी लावायचे, गिऱ्हाइकाच्या गळ्यातलं पांढरं फडकं सोडायचे आणि दारात येऊन ते दोन-तीनदा जोरात झटकायचे. केस वाऱ्यावर उडून जायचे. फडकं झटकलं, म्हणजे शेवटचा माणूस येतोय. मग भोंग्याची आरोळी, मग इंजिनाची धडधड.

हे कुणी ठरवलेलं नव्हतं. काकांच्या वडिलांच्या वेळी शिडाची होडी होती, तेव्हाही असंच चालायचं म्हणे.

एकदा एका मुलाचे केस काकांनी मुद्दाम हळूहळू कापले होते. मुलगा शिकायला पलीकडे निघाला होता, आणि त्याची आई बाहेर पायरीवर बसून रडत होती. तिचं रडू आवरेपर्यंत काका एकच बाजू पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले. लाँचमधली माणसं ओरडायला लागली. “अरे, डोकं कापतोयस का काय!” भोंग्याने त्यांना गप्प केलं. शेवटी आईनेच डोळे पुसून आत डोकावून सांगितलं, “भाऊजी, पुरे आता. टक्कल पडेल त्याला.” तेव्हा कुठे फडकं झटकलं गेलं.

त्या मुलाच्या माथ्यावर एक हट्टी भोवरा होता. किती पाणी लावलं तरी तिथले केस उभेच राहायचे. तो शिकून परत आला, आणि पुढे पालिकेचा अध्यक्ष झाला.

*

“मग? दिली का खिडकी?” काकूंनी विचारलं. त्या पाय लांब करून बसल्या होत्या; गुडघे आताशा वाकत नसत.

“तिथे समुद्राचं चित्र काढणारेत.”

काकू हसायला लागल्या. मग त्यांचा चेहरा बघून थांबल्या. “अहो, तुम्ही माझ्यावर रागावलात का?”

काकांनी टोपी खुंटीला अडकवली. नव्या धक्क्यासाठी सभेत हात वर करणाऱ्यांमधे काकू होत्या, आणि त्यांचा हात सगळ्यात आधी वर गेला होता.

“मी तुमच्या सलूनवर उठले नव्हते,” काकू म्हणाल्या. “पण पोटात कळ आली होती तेव्हाचं आठवतं ना? दार उचकटून त्याच्यावर मला निजवून नेलंत तुम्ही धक्क्यावर. आणि ओहोटी. नुसता चिखल. लाँच ती तिकडे लांब, पाण्यात. तुम्ही चिखलात शिरून फडकं हलवत होतात वेड्यासारखं.”

“भोंगा येऊच शकत नव्हता. रुतला असता.”

“तेच म्हणते मी. लाँच सगळ्यांसाठी थांबायची, आणि मी पाणी चढायची वाट बघत पडले होते.” त्यांनी पायावरून हात फिरवला. “नव्या धक्क्याकडे पाणी खोल आहे. दुसऱ्या कुणाला तसं पडून राहावं लागू नये, एवढंच.”

“अगं, मी धक्क्याला नाही कुठे म्हणतोय?” काका म्हणाले. “धक्का चांगलाच आहे. मला फक्त बघायचं होतं. कोण गेलं, कोण आलं. ते बघत बघतच हात चालतो माझा.”

काकू भिंतीला धरून उठल्या आणि त्यांनी ताट वाढलं. मग म्हणाल्या, “जेवून घ्या.”

*

आरसा हलवायला भोंग्याने हातगाडी आणली. दोघांनी आरसा गोधडीवर आडवा ठेवला आणि गाडी सावकाश ढकलत नेली. आरशात सगळं आभाळ होतं, मधेच एखादी तार, एखादा पक्षी.

“डाव्या अंगाला घे, खड्डा आहे,” काका म्हणाले.

“खड्डा नाही तो. पालिकेचा वृक्षारोपण कार्यक्रम होता इथे. झाड यायचं राहिलंय.”

गाळा स्वच्छ होता, भिंती नव्या रंगाच्या वासाच्या. काकांनी आरसा सवयीने वरून पुढे झुकवून, उजवीकडे वळवून लावला. मग खुर्चीत स्वतः बसून बघितलं. मागे वाहनतळ होता. पालिकेची कचऱ्याची गाडी आणि तिच्या सावलीत झोपलेलं कुत्रं. काका उठले आणि आरसा सरळ केला.

नव्या जागेत पहिले आले ते गुरुजी. लेकीला मुलगा झाला होता, त्याला बघायला पलीकडे निघाले होते. नातवासमोर खुंट वाढवून कसं जायचं? काकांनी साबणाचा फेस केला, गुरुजींनी डोळे मिटले आणि नातवाचं नाक कुणासारखं आहे ते सांगायला लागले. एक गाल झाला. तेवढ्यात भिंतीपलीकडे सायरन वाजला.

“लाँच वाटतं,” गुरुजी डोळे न उघडता म्हणाले.

“हो,” काका म्हणाले आणि वस्तरा दुसऱ्या गालावर टेकवला.

दोघांनाही काहीच खटकलं नाही. फडकं अजून गुरुजींच्या गळ्यात होतं. पुढच्या क्षणी इंजिनाचा आवाज आला, आणि तो लांब लांब जायला लागला. गुरुजी ताडकन उठले आणि तसेच धावले; एका गालावर फेस, गळ्यात पांढरं फडकं मागे उडतंय, हातात पिशवी. गाळ्यांना वळसा घालून धक्क्यावर पोचेपर्यंत लाँच पार पुढे गेली होती. मागे काका, हातात वस्तरा. धक्क्यावरच्या पहारेकऱ्याला वाटलं मारामारी आहे. त्याने शिट्टी फुंकली.

परत आल्यावर गुरुजी खुर्चीत धप्पकन बसले. दम खाल्ला. “कर रे बाबा आता निवांत,” ते म्हणाले. “नातू काही म्हातारा होत नाही संध्याकाळपर्यंत.”

दोघं हसले. पण ही गोष्ट बेटभर झाली, आणि त्यानंतर लाँच गाठायची असलेला कुणी काकांच्या खुर्चीत बसेनासा झाला. लोक आदल्या दिवशी येऊन जायचे, नाहीतर पलीकडेच दाढी करायचे. काम कमी झालं नाही. फक्त आता खुर्चीतला माणूस कुठेच निघालेला नसायचा.

*

पावसाळ्यानंतर काकूंना गुडघे दाखवायला पलीकडच्या दवाखान्यात जायचं होतं. भाची सोबत होती. काका पोचवायला निघाले तर काकूंनी थांबवलं. “गिऱ्हाईक बसलंय. आणि या धक्क्याला उतार आहे, कठडा आहे. मी जाईन.”

त्या गेल्या. सायरन वाजला, इंजिनाचा आवाज आला आणि विरला. लाँच कशी सुटली, काकू कुठल्या बाजूला बसल्या, ते काकांना कळलं नाही. दिवसभर ते कापत राहिले.

संध्याकाळी अध्यक्ष आले. दुसऱ्या दिवशी त्या चित्राचं उद्घाटन होतं, पलीकडून कुणी मोठा साहेब यायचा होता. “जरा नीट करा काका. फोटो आहेत.”

“भोवरा नाही ऐकणार.”

“त्याला सांगा, ठराव झालाय म्हणून,” अध्यक्ष म्हणाले, आणि काकांना हसू आलं.

मागचे केस होत आले. काकांनी फडकं सोडलं, खांद्यावर टाकलं; मानेवरची कड तेवढी राहिली होती. तेव्हा आरशात दार काळवंडलं. दारात काकू उभ्या होत्या, काठी टेकत.

“आलीस?” काका आरशातच म्हणाले. “लाँच आलेली कळलंच नाही मला.”

“मला वाटलं दिसाल कुठेतरी,” काकू म्हणाल्या. “उतरल्यावर बघितलं मी. मग भिंत दिसली. चित्र छान काढलंय हो.” हे शेवटचं अध्यक्षांना. “आपली जुनी लाँच काढलीय. धक्काही तोच. सलून तेवढं काढायचं राहिलंय.”

अध्यक्ष आरशात बघत राहिले.

“डॉक्टर काय म्हणाले?”

“चालायला सांगितलंय.”

काकू आत आल्या. त्यांनी काकांच्या खांद्यावरचं फडकं काढून घेतलं आणि काठी टेकत बाहेर गेल्या. पावलांचा आणि काठीचा आवाज गाळ्यांच्या कडेने गेला, वळला, आणि भिंतीच्या मागे आला. तिथे थांबला.

मग फडकं झटकल्याचा आवाज आला. एकदा. पुन्हा एकदा, जोरात. त्याच्यामागून सायरन वाजला, आणि शेवटच्या फेरीचं इंजिन सुरू झालं.

काकांची कात्री थांबली होती. अध्यक्षांनी डोकं वर केलं आणि मागे वळायला लागले.

“मान खाली घाल,” काका म्हणाले, आणि त्यांनी तो भोवरा तळहाताने हलकेच दाबून धरला.