डाव्या बुटातलं बूच

बाबांचा गुडघा हा त्या घरातला नेहमीचा विनोद होता. घरात अनवाणी चालताना बाबा डावीकडे झुकायचे, खालची बिजागरी ढिली झालेल्या दारासारखे. आणि तेच बाबा पायात बूट चढवून ड्यूटीला निघाले की गल्लीतून ओळंबा लावल्यासारखे सरळ जायचे.

"बाबांचा गुडघा मोठा हुशार," मुलगा म्हणायचा. "गॅसची टाकी उचला म्हटलं की दुखतो, ड्यूटीची वेळ झाली की बरा."

सून तोंडावर हात धरून हसायची. बाबाही हसायचे. आई होती तोवर ती तेवढी हसत नसे. "पुरे झाला चावटपणा," म्हणायची आणि ताटं मांडायला घ्यायची. आईला जाऊन दीड वर्ष झालं. विनोद तसाच चालू राहिला.

बाबा एका गोदामावर पहारेकरी होते, बावीस वर्षं. यंदा कंपनीनं नवा नियम काढला होता. पन्नाशी उलटलेल्या प्रत्येक पहारेकऱ्यानं सुपरवायझरपुढे चालून दाखवायचं, आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि वळून परत. जमलं तर आणखी एक वर्ष नोकरी. नाही जमलं तर गणवेश जमा करायचा. बाबांची पाळी सोमवारी सकाळी होती. त्यांना पगार जाण्यापेक्षाही घरी बसण्याची धास्ती होती. आई गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी ते एकच वर्तमानपत्र तीनदा वाचायचे आणि चौथ्यांदा घडी घालून ठेवायचे.

शुक्रवारी मुलाची नजर त्यांच्या बुटांवर गेली. काळे, घोट्यापर्यंत येणारे स्नीकर्स. सोल झिजून साबणाच्या वडीसारखे झालेले, उजव्याला पुढे भेग.

"हे घालून जाणार सोमवारी? घसरलात म्हणजे?"

"मी बघतो," बाबा म्हणाले. "मोच्याकडे मीच नेईन. तू हात लावू नकोस त्यांना."

पण हात लावू नको म्हटलं की ज्याचे हात शिवशिवतात, अशातला हा मुलगा. झेरॉक्सची मशिनं दुरुस्त करणं हे त्याचं काम, आणि घरी आला की मिक्सर, कुलूप, छत्री, हाती येईल ते उघडून बसायचा. आईनंच त्याचं नाव खटपट्या ठेवलं होतं. शनिवारी बाबा रात्रपाळी करून येऊन झोपले आणि खटपट्यानं बूट उचलले. मनात पाप काही नव्हतं, देवाला ठाऊक. बापानं त्या आवारात ताठ चालावं एवढीच त्याची इच्छा होती.

बाजारातून त्याच मापाचे नवे सोल आणले. बायकोचा हेअर ड्रायर घेतला. गॅलरीत पाट मांडून सोलच्या कडेला गरम हवा मारत राहिला, चिकटवायचं जुनं सोल्यूशन मऊ पडलं तशी बोथट सुरी आत सरकवली आणि टाचेकडून हळूहळू सोल सोडवत आणला. उजवा सहज निघाला. सोल वाटीसारखा होता, आतून पोकळ.

डावा मात्र निघेना. अर्धा तास झुंजल्यावर निघाला, आणि आत पाहतो तर वाटी भरलेली. बुचाचे पातळ थर एकावर एक चिकटवून, कडेनं मेणाच्या दोऱ्यानं शिवून, टाचेकडे बोटभर जाड आणि बोटांकडे निमुळती केलेली पाचर.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "मोची कसे फसवतात ते. आत काहीतरी कोंबून दिलंय. डावा बूट उचलून चिकटवलाय, उजवा खाली. माणूस सरळ चालेल कसा?"

"म्हणूनच गुडघा दुखत असेल त्यांचा," ती म्हणाली.

"मग आता दुखणार नाही."

त्यानं थिनरनं जुनं सोल्यूशन पुसलं, पॉलिश पेपरनं दोन्ही बाजू खरवडल्या, नवं सोल्यूशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबला आणि मग एकदाच नेम धरून दाबलं. हे सोल्यूशन एकदा धरलं की धरलं, पुन्हा सरकवता येत नाही. वरून सायकलची जुनी ट्यूब करकचून गुंडाळली. पाटावर दोन्ही बूट शेजारी ठेवून खाली वाकून डोळ्यांनी माप घेतलं. अगदी एका उंचीचे.

बूच मात्र चांगलं होतं. खटपट्या काही फेकणाऱ्यातला नव्हता. स्वयंपाकघरातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता, वाटी ठेवली की डाळ सांडायची. त्यानं पाचरीचे तीन तुकडे केले आणि त्या पायाखाली बसवले. टेबल डुगडुगायचं थांबलं. बायको म्हणाली, "इतक्या वर्षांत आज कुठं सुचलं तुम्हाला."

रविवारी बाबांनी विचारलं, "बूट कुठायत?"

"धुवून वाळत घातलेत. उद्या बघा."

"आत पाणी नाही ना गेलं?"

"नाही हो बाबा. झोपा."

सोमवारी सकाळी बाबा गणवेश घालून तयार झाले. मुलानं दोन्ही बूट त्यांच्यापुढे ठेवले. नवे काळे सोल, कडेला सोल्यूशनचा एक थेंब नाही. बाबांनी बूट घातले, नाड्या बांधल्या, उभे राहिले. एक पाऊल टाकलं. मग दाराची चौकट धरून थांबले.

"टोचतंय कुठं?"

बाबांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. त्याच्या बोटांना अजून पिवळं सोल्यूशन चिकटलेलं होतं.

"नाही," ते म्हणाले. "छान झालेत. तू गाडी काढ, मी आलोच." आणि परत आत गेले. आले तेव्हा टेबलावरचं कालचं वर्तमानपत्र तिथं नव्हतं, पण ते बघायला मुलगा घरात नव्हता, खाली स्कूटर सुरू करत होता.

त्यानं बाबांना सोडलं आणि फाटकाशीच थांबला. आपलं काम कसं चालतं ते बघायचं होतं. आवारात सात-आठ जण ओळीनं उभे. बाबांचं नाव पुकारलं. बाबा निघाले, आणि मुलाला आधी वाटलं की हे दुसरंच कोणी चालतंय. खांदा खाली जात होता, वर येत होता. डावा बूट दर पावलाला टाचेतून सुटत होता. बाबा तो बोटांनी धरून ओढत होते, मान ताठ, नजर समोर. पलीकडच्या भिंतीशी वळताना बूट निघाला. बूट मागे राहिला आणि बाबा दोन पावलं मोज्यावर पुढे गेले.

सुपरवायझर वयानं मुलाएवढा. त्यानं बूट उचलला. टाचेतून वर्तमानपत्राची जाड घडी बाहेर आली.

"काय हो काका, वाचायला पेपरही बरोबर आणलात?"

ओळीतले दोघे हसले.

"पाय आखूड आहे का तुमचा? फॉर्मवर तर लिहिलंय, कोणतंही व्यंग नाही. बावीस वर्षं तेच लिहिलंय."

बाबांनी बूट मागून घेतला, वाकून घातला, नाडी बांधली. त्यांना ओळीच्या दुसऱ्या बाजूला उभं केलं. तिथं ते एकटेच होते.

मुलानं त्यांना स्कूटरवरून घरी आणलं. घरी आल्यावर बाबांनी बूट काढून जोडीनं ठेवले, टेबलाशी बसले आणि सुनेनं दिलेलं पाणी समोर तसंच ठेवलं.

"सतराव्या वर्षी मचाणावरून पडलो," ते म्हणाले. "हाड जुळलं, बोटभर आखूड. नोकरीचा फॉर्म भरताना माझा हात अडला, तेव्हा तुझ्या आईनं पेन घेतलं आणि 'नाही' लिहिलं. मग मला दाराशी उभं केलं आणि पायाखाली पेपरच्या घड्या सारत बसली, विजारीच्या दोन्ही कडा एका रेषेत येईपर्यंत. बुटांचे वरचे भाग शिवायची ना ती घरी. मोच्याचं कामही येत होतं तिला. दर नव्या बुटात बसवायची. हा शेवटचा."

"मला कधी का नाही सांगितलंत?"

"तू गुडघ्याला हसायचास. गुडघ्यावर भागतंय तर पाय कशाला काढायचा?"

"सकाळी तरी सांगायचं होतं बाबा."

"सांगून सोल सुटले असते? आणि तू इतक्या हौसेनं दारात उभा होतास." मग म्हणाले, "कुठं आहे ते बूच?"

मुलानं टेबलाखाली पाहिलं. सून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

तो गुडघ्यांवर बसला. टेबलाच्या पायाखालचे तुकडे उपसले. मधल्या तुकड्यावर दोऱ्याची गाठ होती. दोनदा वळवून टोक आत खुपसलेली. लहानपणी त्याच्या दप्तराच्या प्रत्येक पट्ट्याला होती तशीच. आई गाठ अशीच मारायची. शनिवारी सुरी नेमकी त्या गाठीशेजारून गेली होती.

"मी जोडतो. सोल परत काढतो, आज बसवून देतो."

वर टेबल कलंडलं, पेला घसरला. बाबा उठले आणि त्यांनी पेला धरला.

"जोडशील रे," ते म्हणाले. "हाताला कला आहे तुझ्या, नाही म्हणत नाही. पण ते घालून जायचं कुठं मी? ठेव जागेवर. पाणी सांडतंय."

मुलानं तुकडे एकेक करून पुन्हा सारले. त्याच्या तोंडासमोर, वीतभर अंतरावर, बाबांची पावलं होती. उजवं फरशीवर टेकलेलं. डाव्याची फक्त बोटं टेकली होती. टाच अधांतरी होती, आणि तिच्याखालून पलीकडची फरशी दिसत होती.