घराचा भाव वाढवणारा मी

मित्रांनो, मी एक चार्जर आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या पोटात वीज भरणारा, भिंतीवरचा, घरगुती. अशी कहाणी सांगताना सुरुवातीला 'जुना' म्हणण्याची पद्धत आहे. पण मला भिंतीवर येऊन जेमतेम दोन वर्षे झाली. तेव्हा मी जुना नाही, वैतागलेला आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे तपासणी करणाऱ्या एका बाईंनी माझ्यावर पाणी ओतले, धूळ उडवली, मला एकदा मुद्दाम खाली पाडले आणि मग समाधानाने मान हलवली. इतक्या आस्थेने माझी चौकशी नंतर कोणी केली नाही. पुढे आगगाडीने वाळवंट ओलांडून मी ताश्कंदच्या बाजारात आलो आणि किटल्यांच्या शेजारी फळीवर बसून राहिलो. माझे स्वप्न साधे होते. एक मोटार असावी. संध्याकाळी ती दमून घरी यावी, मी तिला वीज पाजावी आणि सकाळी तिने ताजीतवानी होऊन निघावे. त्यात टक्केवारी कुठेही नव्हती.

मला विकत घेतले तुरोब-आकांनी. आमच्याकडे वयाने मोठ्या पुरुषाला आका म्हणतात आणि बाईला ओपा. शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे मोटार होती, पण ती गॅसवर चालणारी. डिकीत भलीमोठी टाकी घेऊन ती धापा टाकत फिरायची. तिला माझा काडीचाही उपयोग नव्हता.

मग मला आणले कशाला? तर साडूने सांगितले म्हणून.

झाले असे की तुरोब-आकांच्या बायकोचे, मस्तुरा-ओपांचे, गुडघे गेले होते. घर जुन्या वळणाचे. मधे अंगण, अंगणावर द्राक्षाचा मांडव, त्याखाली बसायला लाकडी चौथरा. स्वयंपाकघर एका टोकाला, न्हाणीघर दुसऱ्या टोकाला. हिवाळ्यात मधल्या वाटेवर बर्फ साचायचा आणि ओपा भिंतीला धरून चालायच्या. त्यांची मुलगी नफोसत शहराच्या नव्या भागात सातव्या मजल्यावर राहत होती. तिच्या समोरचाच फ्लॅट विकायला होता. लिफ्ट, गरम पाणी, सगळे चार पावलांवर. त्या फ्लॅटचा मालक नवरोजपर्यंत, म्हणजे मार्चमधल्या नववर्षाच्या सणापर्यंत, थांबायला तयार होता. अंगणाचे घर त्याआधी विकले गेले पाहिजे, एवढेच.

हे ऐकून एका लग्नात, पहाटेच्या पुलावाच्या पंगतीला, साडू फझलिद्दीन तोंडातला घास न संपवताच म्हणाले, "चार्जर लाव. घरात चार्जर असला की भाव सरळ दहा टक्के वर."

"पण माझ्याकडे तसली गाडी कुठंय?"

"अरे, गाडी घेणाऱ्याकडे पाहिजे, तुझ्याकडे कशाला? माझ्याकडे तरी कुठं होती? लावला, विकलं, सुटलो."

असा माझा जन्म दुसऱ्यांदा झाला. मला भिंतीवर बसवणाऱ्या वायरमनने घरात येणारी तार पाहून कपाळावर आठ्या घातल्या. "आका, ही तार शेवयांसारखी बारीक आहे. हा चालू झाला की बाकी घर झोपणार."

"चालवायचाय कुणाला?" आका म्हणाले. "दिसला म्हणजे झालं."

मित्रांनो, कामाच्या पहिल्याच दिवशी हे ऐकायला लागले तर तुम्हाला कसे वाटेल?

पण मी नुसता दिसत राहिलो नाही, कारण भिंतीपलीकडे होल्मत राहत होता. तो टॅक्सी चालवायचा आणि त्याची टॅक्सी विजेवरची होती. तो मला बघायला आला. लग्नघरात लवकर पोचलेला पाहुणा कढईकडे बघतो, तसा तो माझ्याकडे बघू लागला.

"मुबारक असो, आका! मोठी वस्तू आणलीत."

यावर मोहल्ल्यातला कोणताही सभ्य माणूस जे बोलला असता तेच आका बोलले. "तुझीच समज."

ही म्हणायची गोष्ट असते. होल्मतने ती खरी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या टॅक्सीचे नाक आमच्या दारातून आत आले होते. विजेचे काहीतरी घ्या, असे तो म्हणाला, तेव्हा आकांना रागच आला. "लाजवतोस का मला? चुलीतला विस्तव दिला तर त्याचे पैसे घेतात का शेजाऱ्याकडून?" ही बातमी मोहल्ल्यात पसरायला वेळ लागला नाही. मग नानवाला सोबिर आला, मग त्याचा मेहुणा आला, मग मेहुण्याचा मित्र आला.

मोटार भरायला चार-चार तास लागतात. तोवर माणूस जाणार कुठे? तो चौथऱ्यावर बसतो. बसलेल्या माणसाला चहा न विचारणे आमच्याकडे चालत नाही. चहासोबत नान लागतो, नानसोबत वाटीभर मनुका तरी लागतात. शिवाय पाहुण्याचा मान ठेवायचा तर चहाची वाटी अर्धीच भरायची असते. काठोकाठ भरून दिली, तर 'पी आणि नीघ' असा अर्थ होतो. अर्धी वाटी दोन घोटांत संपते, की पुन्हा भरा. मी चालू झालो की फ्रिज कण्हायचा, दिवे पिवळे पडायचे आणि मस्तुरा-ओपा गुडघ्यावर हात टेकून उठायच्या.

त्या रोज सकाळी मला फडक्याने पुसायच्या. माझी तार अडकवायच्या खुंटीवर त्यांनी लसणाच्या माळा टांगल्या होत्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुसता पुसता त्या माझ्याशी बोलायच्या. "तू आलास आणि माझ्या घराची चहाची टपरी झाली. एक दिवस मी सगळ्यांच्या वाट्या काठोकाठ भरणार आहे, बघच तू."

मी हिरवा दिवा लावून उभा राहायचो. दुसरे काय करणार?

घर बघायला गिऱ्हाइके येऊ लागली. दिलोरोम नावाची दलालीण त्यांना आणायची. ती बिचारी मांडव दाखवायला जायची, तोच आका मधे येऊन माझ्यासमोर उभे राहायचे. हातात छडी असल्यासारखे.

"आधी हे बघा. भावात हे धरलेलं आहे."

पहिले गिऱ्हाईक म्हणाले, "माझी गाडी पेट्रोलवर चालते."

"आज चालते. उद्या?"

"उद्यापण पेट्रोलवरच."

"परवा?"

तो मनुष्य परवापर्यंत थांबला नाही. दुसऱ्याला मी आवडलो होतो. त्याने एवढेच म्हटले की चालवून दाखवा. आकांनी मला त्याच्या मोटारीला जोडले आणि ओपांनी नेमका तेव्हाच इस्त्रीचा खटका दाबला. सारे घर काळोखात गेले. काळोखातून आकांचा आवाज आला, "ताकद बघा त्याची!"

तिसऱ्या खेपेला एक तरुण जोडपे आले. त्यांची मोटार विजेची होती. मुलीला मांडव आवडला, मुलाला मी आवडलो. आकांनी सांगितलेला भाव त्यांनी मुकाट ऐकून घेतला. मी मनात म्हटले, सापडली, माझी मोटार सापडली! ओपांनी तर त्यांच्यासाठी जपून ठेवलेला जर्दाळूचा मुरंबा काढला. मग मुलीने चौथऱ्यावर बसलेल्या चौघांकडे बघून हळूच विचारले, "हे आपल्या घरातले का?"

"छे छे, आम्ही मोहल्ल्यातले!" सोबिर आनंदाने म्हणाला. "रोज असतो आम्ही इथं. तुम्ही आलात तरी येणार. एकटं वाटू देणार नाही तुला, पोरी."

"मध्येच झोप लागली तर इथंच आडवे होतो," मेहुण्याने दिलासा दिला.

ती दोघे चांगल्या घरातली होती. चहा संपवून, दुवा मागून मगच गेली. परत आली नाहीत.

दिलोरोम आकांना म्हणाली, "आका, चार्जर एकतर भावातून उतरवा, नाहीतर भिंतीवरून. आणि होल्मतला विचारलंत का? घर विकताना पहिल्यांदा शेजाऱ्याला विचारायचं असतं, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

"त्याला काय विचारू? टॅक्सी चालवतो गरीब. हो म्हणायला ऐपत नाही, नाही म्हणायला लाजेल. उगाच कशाला माणसाला कोंडीत धरा? आणि शेजाऱ्याशी घासाघीस करू मी?"

आता गंमत ऐका. गंमत कसली, माझे फुटके कपाळ. हा होल्मत रोज माझी तार लावून आधी थोडा वेळ गाडीतच बसायचा आणि बायकोशी फोनवर बोलायचा. त्याच्या मुलाचे, झोहिदचे, लग्न ठरले होते. नव्या जोडप्याला घर हवे होते. मागच्या वर्षी त्याने सासऱ्याकडून मिळालेली जमीन विकून पैसे बाजूला ठेवले होते.

"मी कसं विचारू?" तो फोनवर म्हणायचा. "विकणाऱ्यानं विचारायचं असतं. मी विचारलं तर म्हणतील, म्हाताऱ्यांना हुसकायला टपलाय. साऱ्या शहराला घर दाखवलं त्यांनी, मला मात्र एका शब्दानं नाही. जाऊ दे. काहीतरी चुकलं असेल आपलं."

म्हणजे एकाला विकायचे होते, दुसऱ्याला घ्यायचे होते. दोघे रोज एकाच चौथऱ्यावर, एकाच किटलीतला चहा पीत, हवेवर बोलत होते. आणि दोघांचेही ऐकणारा मी! मला एकच दिवा आहे. हिरवा म्हणजे तयार, निळा म्हणजे चालू, लाल म्हणजे बिघाड. 'अरे गाढवांनो, एकमेकांना विचारा', यासाठी कारखान्याने रंग दिलेला नाही. मी लाल होऊन पाहिले. होल्मतने मला दोन चापट्या मारल्या आणि पुन्हा हिरवे केले.

नवरोज जवळ आला. नफोसतचा फोन आला, की समोरचा मालक आता दुसरे गिऱ्हाईक बघतो आहे. त्या दिवशी ओपांनी मला पुसले नाही.

दुपारी पाऊस आणि बर्फ एकदमच पडत होता. माझी तार अंगणभर आडवी पसरली होती. ती गुंडाळून ठेवावी, असे चौघांपैकी एकालाही कधी सुचले नव्हते. ओपा तबक घेऊन आल्या, तारेत पाय अडकला आणि त्या धपकन खाली बसल्या. किटली, वाट्या, मनुका सगळे चिखलात. चौघेही ताडकन उठले. होल्मतने घाईने माझी तार गाडीतून उपटली आणि ती हातात धरून तसाच उभा राहिला.

ओपा रडल्या नाहीत. कुणाचा हातही धरला नाही. जमिनीवर बसूनच म्हणाल्या, "होल्मत, घर घेतोस का?"

आका चौथऱ्यावरून खाली धावले.

"अगं नफोसतच्या आई," आका कळवळून म्हणाले, "जमिनीवर बसून घर विकतात का?"

"उभं राहून तुम्ही वर्षभर विकलंत. काय झालं?" त्या पुन्हा होल्मतकडे वळल्या. "सांग. घेतोस?"

"ओपा..." होल्मत म्हणाला. "मी कधीचा वाट बघतोय, कुणीतरी विचारील म्हणून."

"मग तोंडात काय धरलं होतंस?"

"विकणाऱ्यानं विचारायचं असतं ना."

"आणि तुम्ही हो? तुम्ही का नाही विचारलंत?"

"त्याला संकोच होईल म्हणून," आका पुटपुटले.

"बघा रे, बघा! दोन शहाणी माणसं. वर्षभर माझे गुडघे झिजवून दोघांनी एकमेकांचा संकोच सांभाळला. आता उठवा मला."

सोबिर वयाने मोठा होता. त्याने बाजारातल्या रीतीप्रमाणे दोघांचे हात एकमेकांत घातले आणि वरखाली हलवायला सुरुवात केली. भाव ठरेपर्यंत हात सोडायचे नसतात. आका एक बोलले, होल्मत एक बोलला, सोबिरने मधला आकडा ओरडून हात खाली आणले. झाले.

"आणि चार्जरचे दहा टक्के..." आकांनी घसा साफ केला.

"चार्जर घेऊन जा, आका."

"काय?"

"तो इथं राहिला तर सगळा मोहल्ला इथं बसणार. माझी नवी सून दिवसभर चहा करत राहील. दोन महिन्यांत माहेरी निघून जाईल."

मित्रांनो, हे तो माझी तार हातात धरून बोलला. टॅक्सीचे पोट माझ्याच विजेने अर्धे भरलेले होते. आणि सोबिर, त्याचा मेहुणा, मेहुण्याचा मित्र यांनी माना डोलावल्या. खरे आहे, म्हणाले, नव्या सुनेला त्रास नको.

असा मी भिंतीवरून उतरलो. घराचा भाव माझ्यामुळे वाढला नाही, हे मी सहन केले असते. पण मी नसल्यामुळे सौदा पक्का झाला!

सध्या मी सातव्या मजल्यावर, बाल्कनीत असतो. आकांनी हट्टाने मला इथेही भिंतीवर बसवले आहे. मला तार जोडलेली नाही. खाली मोटार, वर मी, मधे सात मजले. तरी आलेल्या पाहुण्याला आका सांगतात, "या इमारतीत अशी सोय कुणाकडे नाही." ते खरेच आहे. ओपांनी लसणाच्या माळा पुन्हा माझ्यावर टांगल्या आहेत. आता त्या भिंतीला न धरता चालतात. नात समोरच्या दारातून धावत येते. पण कित्येकदा मी बघतो, दुपारी ओपा तबकात नको तितक्या वाट्या मांडतात, थबकतात आणि परत ठेवून देतात.

परवा दाराची घंटा वाजली. होल्मत होता. खाली रस्त्यावर गाड्या भरायची सरकारी जागा आहे, तिथे टॅक्सी लावून वर आला होता. "चार तास लागतील म्हणाले. म्हटलं, बसावं कुठं?"

"हद्द झाली बाई!" ओपा म्हणाल्या. "सात मजले चढून आलास छळायला?"

"लिफ्टनं आलो, ओपा."

त्याने ओली टोपी काढून माझ्यावर अडकवली. पावसाचे पाणी माझ्या अंगावरून ठिबकू लागले. पाणी मी सोसतो, कारखान्यातल्या बाईंनी ते तपासले होते. मला वाटायचे, ही सगळी माणसे माझ्यासाठी येत होती. टॅक्सी तर खाली दुसऱ्याच कुणाची वीज पीत होती.

तेव्हा मित्रांनो, घरातल्या वस्तूमुळे घराचा भाव किती वाढतो, हे वस्तूला विचारू नका. साडूलाही विचारू नका. तिला अधूनमधून पुसा, वापरा, आणि वापरून झाली की तार गुंडाळून ठेवा. शेजाऱ्याला काही विचारायचे असेल तर तोंड उघडून विचारा. एवढे माझ्या दिव्यातून सांगता येत नाही, म्हणून असे सांगावे लागते.

ओपा किटली घेऊन आल्या. "बोलले होते ना, एक दिवस काठोकाठ भरीन?" असे म्हणत त्यांनी होल्मतची वाटी पुढे ओढली. मी डोळ्यांत दिवा आणून बघत होतो.

त्यांनी ती अर्धीच भरली.