तीनच्या वर नाही

काडीचा भत्त्याचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा मी आधी त्या तपासणीच्या डॉक्टरला शिव्या घातल्या, मग अख्ख्या खात्याला, आणि नक्की काय घडलं ते कळल्यावर काडीला.

"त्यांनी विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतं. मी म्हटलं, तीन."

"तीन?"

"मग काय सांगायचं?"

ती उशांच्या ढिगात रेलून होती. धड बसता येत नाही, धड आडवं पडता येत नाही, असं तिचं गेल्या वर्षापासून चाललंय. मी कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या कुणी तीन सांगितलं असतं तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. पण काडीनं तीन का सांगितलं ते मला एका क्षणात कळलं, आणि म्हणूनच माझा जास्त संताप झाला.

आम्ही दोघी नर्स, एकाच वॉर्डातल्या. जळीत वॉर्ड. मी अजून तिथेच आहे. ती शिकाऊ म्हणून आली तेव्हा इतकी बारीक होती की नुसता युनिफॉर्मच चालत येतोय असं वाटायचं, म्हणून ती काडी. मला तोफ का म्हणतात ते सांगायची गरज नाही. आमच्याकडे ड्रेसिंग बदलण्याआधी प्रत्येक रुग्णाला आकडा विचारतात. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आम्ही दिवसभर ते आकडे ऐकतो, आणि ते सांगणारे चेहरे बघतो. त्यामुळे आमच्या चहाच्या खोलीत फार पूर्वीपासून एक कायदा आहे: स्टाफला तीनच्या वर परवानगी नाही. कुणाचं डोकं उठलं की बाकीच्या विचारणार, "किती?" आणि तिनं सांगायचं, "दीड." माझी अक्कलदाढ आली तेव्हा गाल टरारून सुजला होता, मी दोन सांगितले. एक जण बाळंत होऊन परत आली आणि कळांना चार म्हणाली, तर तिची आम्ही वर्षानुवर्षं चेष्टा केली. हसण्यावारी न्यायचं, नाहीतर त्या वॉर्डात माणूस टिकत नाही.

काडीची पाठ त्याच वॉर्डात गेली. एका धिप्पाड रुग्णाला ड्रेसिंगच्या टबात उतरवताना त्याचा पाय सटकला आणि हिनं त्याला सोडलं नाही. तो वाचला, हिचे दोन मणके सरकले. ऑपरेशन झालं, स्क्रू बसवले, कागदावर "शस्त्रक्रिया यशस्वी" असं लिहिलं गेलं. स्क्रू जागच्या जागी आहेत, एक्स-रेच्या फोटोत छान दिसतात. फोटोत दबलेली शीर दिसत नाही आणि दुखणंही दिसत नाही. म्हणून तर आकडा विचारतात. ज्याचा आकडा सहाच्या खाली, त्याला मदतनीसाचा भत्ता नाही, असा त्या कार्यालयाचा नियम.

आणि भत्ता नाही तर मदतनीस नाही. ती बाई सकाळी येऊन काडीला कुशीवर वळवते, उठवते, न्हाणीघरात नेते, चाकांच्या खुर्चीत बसवते. साठवलेले पैसे संपून ती बंद झाली की काडीला तिचा भाऊ स्वतःच्या घरी घेऊन जाणार. भाऊ वाईट नाही, जीव लावतो बहिणीला. पण त्याचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दिवसभर घरात चिटपाखरू नसतं. इथे काडीची खोली तळमजल्यावर आहे. दार उघडलं की खुर्ची थेट रस्त्यावर. ती कोपऱ्यावर जाते, भाजीवाल्याशी भांडते, रस्त्यावरच्या पोरांना गुडघे फोडून घेतल्याबद्दल झापते.

"एकदा तो जिना चढवला ना, तोफे," ती मला म्हणाली, "की खाली येईन ती चौघांच्या खांद्यावरच."

आम्ही निर्णयाविरुद्ध अपील केलं. म्हणजे मी केलं. ती "जाऊ दे गं" म्हणत होती आणि मी तिच्याकडून सह्या घेत होते. सुनावणीची तारीख आली तशी मी रोज ड्यूटी संपवून तिच्याकडे जाऊ लागले, तालीम घ्यायला. मी खुर्चीत ताठ बसायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि खालच्या पट्टीत विचारायचे, "बाई, आपल्याला किती दुखतं?"

"तसं... चार."

"काडे!"

"बरं. पाच."

"आठ म्हण. आठ म्हणायला काय जीव जातो का?"

ती म्हणाली, "खिडकीजवळच्या खाटेवरचा तो बेकरीवाला आठवतो?"

मला आठवत होता. न आठवायला काय झालं.

"त्यानं आठ सांगितलं होतं. माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात. मी त्याच्या पाठीवरची पट्टी सोडवत होते. त्याचं आठ मी बघितलंय, तोफे. मी कुठल्या तोंडानं आठ म्हणू?"

"तो बेकरीवाला काही सुनावणीला येऊन बसणार नाहीये!"

मी ओरडले आणि मग मलाच रडू फुटलं. काडीनं उशीखालचा रुमाल काढून माझ्याकडे फेकला. "तुझं किती?" तिनं विचारलं. मी नाक शिंकरत म्हटलं, "एक." आम्ही दोघी हसलो. आमचं हे असंच आहे, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

सुनावणीच्या दिवशी मी तिला न्यायला सकाळी लवकरच पोचले. दार नुसतं लोटलेलं होतं. मदतनीस बाई आलेली नव्हती, तिचा मुलगा आजारी पडला होता म्हणे. काडी पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये फरशीवर पालथी पडली होती. कपडे ओले झाले होते. टॉवेलाची घडी तिनं दातांत धरली होती, शेजारच्यांना आवाज जाऊ नये म्हणून. मला बघून तिनं टॉवेल सोडला.

"बरं झालं आलीस," ती म्हणाली. "चहा टाक."

मी इतकी वर्षं लोकांचे चेहरे वाचत आलेय. ज्यांना बोलता येत नाही त्यांचा आकडा आम्ही चेहऱ्यावरूनच लिहितो: कपाळ, जबडा, श्वास, मुठी. मी तिला उचलायला खाली वाकले, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर आला आणि मी मनात आठ लिहिले. मग तिला कुशीवर घेतलं आणि आठ खोडून नऊ लिहिले. देवा, एवढं एक होऊ दे, एवढंच मी म्हणत होते. तिला धुतलं, पुसलं, कपडे घातले, केस विंचरायला घेतले. "जरा विस्कटलेली राहू दे ना," मी म्हटलं. तिनं माझ्या हातातून कंगवा घेतला आणि भांग सरळ केला.

भावानं गाडी आणली होती. तो आम्हाला सोडून खालीच थांबला. सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा जग, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. टेबलापलीकडे तिघं जण: मधे अध्यक्षीणबाई, एका बाजूला वयस्कर डॉक्टर, दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारा एक गृहस्थ. कुणी उद्धटपणे बोललं नाही. उद्धट असते तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. काडीनं सगळी उत्तरं नीट दिली, अगदी ड्यूटी बदलताना द्यावीत तशी. मग त्यांनी विचारलं, "आत्ता, या क्षणी, शून्य ते दहामध्ये?"

मी टेबलाखाली तिचा गुडघा दाबला. तिला तो गुडघा जाणवत नाही हे मी विसरले होते.

"चार," काडी म्हणाली.

अध्यक्षीणबाईंनी लिहून घेतलं. डॉक्टर मात्र थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही जळीत विभागात इतकी वर्षं आहात. यांना रोज बघता. तुमच्या अंदाजानं किती?"

मला यापेक्षा चांगली संधी मिळणारच नव्हती. तो माणूस आमच्यासाठी जणू दार उघडून उभा होता. सकाळची फरशी माझ्या डोळ्यांसमोर होती, तो टॉवेलही. पण त्यांनी मला सिस्टर म्हटलं, आमच्या राउंडला विचारतात त्या सुरात विचारलं, आणि मी काडीकडे बघितलं. ती ताठ बसली होती, भांग सरळ, हात मांडीवर. माझी पाठ आपोआप ताठ झाली. राउंडवरच्या डॉक्टरला द्यावं तसं मी उत्तर दिलं.

"चार ते पाच," मी म्हटलं.

शब्द बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. डॉक्टरांनी मान डोलावून चष्मा परत घातला.

"नाही, थांबा!" मी उठलेच. "नऊ! नऊ लिहा! सकाळी फरशीवर पडली होती हो, दातांत टॉवेल धरून! मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या वॉर्डात कुणी तीनच्या वर सांगतच नाही, तशी पद्धतच आहे आमची, आम्हाला सांगताच येत नाही..."

"बाई, बसून घ्या," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मग काडीकडे वळून, अगदी मायेनं, "सकाळी पडला होतात तुम्ही?"

"पडले होते," काडी म्हणाली.

"तेव्हा किती दुखत होतं?"

काडीनं माझ्याकडे बघितलं. माझे हात जोडलेले होते. मी कुणापुढे हात जोडणारी नव्हे. तिचे ओठ हलले, एकदा, दोनदा. मग तिची नजर डॉक्टरांकडे गेली आणि तिनं मान खाली घातली.

"तेव्हा पाच असेल," ती म्हणाली.

आम्हाला बाहेर बाकावर बसवलं. फार वेळ लागला नाही. टिपणं घेणारा गृहस्थ दारात आला आणि त्यानं हलक्या आवाजात सांगितलं की अपील मान्य होऊ शकलं नाही, कळवतील लेखी. एरवी मी त्याला फैलावर घेतलं असतं, पण तोफेत दारूच उरली नव्हती.

भाऊ वर आला, माझा चेहरा बघून समजला. "ताई, तुम्ही पुष्कळ केलंत," तो म्हणाला. "मी गाडी दारापाशी घेतो. सामान काय, उद्या-परवा हलवू." तो खाली गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यात बराच वेळ ऐकू येत राहिला.

मी काडीची खुर्ची ढकलत लिफ्टकडे नेली. उंबरठ्याच्या पट्टीवर चाक आपटलं, जरासंच. काडीच्या घशातून एक आवाज निघाला. तो आवाज मी ओळखते, खिडकीजवळच्या खाटेवरून तो कितीतरी वेळा ऐकलाय. मी खुर्ची थांबवली, समोर येऊन खाली बसले. तिचं कपाळ, जबडा, मुठी. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "किती?"

तिनं मागे बघितलं. कॉरिडॉर रिकामा होता, ते दारही बंद झालं होतं.

"नऊ," ती म्हणाली. आणि माझं मनगट घट्ट धरून, "वॉर्डात कुणाला सांगू नकोस."

लिफ्ट आली. मी मान हलवली आणि खुर्ची आत घेतली.