करवला झालेला पंतप्रधान

केनान शिरवा पंतप्रधान होता तोवर त्याला 'चकणा' म्हणायची कुणाची छाती नव्हती. अविश्वासाचा ठराव आठ मिनिटांत मंजूर झाला आणि दुपारच्या चहाला अख्खं बेलेदवेने गाव पुन्हा चकणा म्हणायला लागलं. आमच्याकडे टोपणनाव मरत नाही, दबा धरून बसतं.

सरकारनं गाडी काढून घेतली. उरले चार बंदूकवाले, तेही कुळानं दिलेले. मारेकऱ्यांच्या यादीतला माणूस त्या चौघांशिवाय आठवडाभर टिकत नाही. हे त्याला ठाऊक होतं, आणि कुळाचा म्होरक्या रोबले यालाही.

खासदारकी मागायला तो आला, तेव्हा रोबले उंटिणीचं दूध पीत म्हणाला, "जागा बिलेला दिलीय. पण नियमाला समोर कुणीतरी लागतं. तू करवला हो."

करवला नवरदेवाशेजारी नटूनथटून बसतो, नवरी त्याची नसते. हरण्यासाठी उभ्या केलेल्या उमेदवाराला आम्ही तेच म्हणतो. आणि बिले कोण? याच्याच पहारेकऱ्यांचा नायक. गाडीचं दार उशिरा उघडलं म्हणून यानं त्याच्या मुस्काटात मारली होती, पत्रकारांसमोर.

"रोबले, मी देशाचा पंतप्रधान होतो."

"म्हणूनच. करवला देखणा नको का?"

"भाषण करीन आणि माघार घेईन. मतं मोजायची नाहीत. आणि माझे चौघे माझ्याकडेच राहतील."

"राहतील, राहतील."

आमच्याकडे खासदार कुळानं नेमलेले एकशे एक मतदार निवडतात; त्या जागेच्या मतदारांपैकी मी एक. माझा भाऊ दाहिर चकण्याचा पहारेकरी होता; चकण्याच्या घराच्या फाटकावर स्फोट झाला, तेव्हा त्याच्या अंगावर आडवा पडून मेला. रेडिओवर यानं त्याला श्रद्धांजली वाहिली, "आपला शूर अब्दी." आईनं मला विचारलं, "हा अब्दी कोण रे?"

मतदानाच्या सकाळी चकणा सूट घालून आला. वीस मिनिटं रस्ते, बंदर, शाळा, सगळं बोलला. मग म्हणाला, "कुळाच्या एकीसाठी मी माघार..."

"खाली बस," रोबले म्हणाला. "मतं मोजायचीत."

बिलेला एकशे एक. याला शून्य. याचा सख्खा चुलतभाऊ मतदारांत होता, तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

"काका, एखादं तरी पडायला हवं होतं," बिले म्हणाला. "बरं दिसलं असतं."

सभागृह खदखदून हसलं. मीही हसलो, पोट धरून.

बाहेर ते चौघे बिलेच्या गाडीत चढत होते.

"अरे, माझे आहेत ते!"

"खासदाराला जास्त लागतात, काका. तुमच्यासाठी दार उघडलं असतं, पण मला उशीर होतो, माहीत आहे ना तुम्हाला?"

गाड्या गेल्या. चकणा उतरला होता ते हॉटेल तिथून चारशे पावलं, मधे बाजार. तो सभागृहाच्या फाटकाच्या सावलीतून हलेना. मी शेवटचा निघालो, तशी त्यानं बाही धरली.

"तू आपलाच ना रे? हॉटेलपर्यंत चल. दोघं असलो की बरं."

"माझा भाऊ चालायचा तुमच्याबरोबर. फाटकावर गेला तो."

"हो, हो! वाघ होता."

"नाव सांगा त्याचं. येतो."

एक डोळा माझ्यावर, दुसरा बाजारावर. घाम सुटलेला.

"अब्दी."

मी बाही सोडवून चालू लागलो.

"थांब! युसुफ! हसन!" तो सावलीतून बाहेर यायला तयार नव्हता, नुसता ओरडत होता. "नूर! अली! दाहिर! दाहिर का रे?"

मी वळलो नाही.

"मूसा!" मागून आलं.